सरासरीत बुडालेली गावं

आरोग्य सर्वेक्षणांच्या तक्त्यांवर काम करताना एक गोष्ट मला वर्षानुवर्षं छळत आली आहे. तक्त्यात जिल्ह्याची एक ओळ असते, तिच्यासमोर एक सरासरी असते, आणि ती ठीकठाक दिसली की बैठक पुढच्या ओळीकडे सरकते. त्या आकड्याखाली एखादं डोंगरामागचं गाव किंवा खाडीकाठची वस्ती किती खोल गेली आहे, हे कुणी विचारत नाही. विचारलं तरी उत्तर मिळत नाही, कारण तेवढं बारीक कुणी मोजलेलंच नसतं.

इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी यांनी २०२१ चा आपला वार्षिक अहवाल फक्त किनारपट्टीच्या आरोग्यावर काढला. तो वाचून मी हादरले होते. ब्लॅकपूल, हेस्टिंग्ज, टॉर्बे ही गावं बाहेरच्याला माहीत असतात ती समुद्रकिनाऱ्यासाठी, सुट्टीसाठी. पण आयुर्मान कमी आणि मोठे आजार जास्त, अशी देशातली काही सर्वांत वाईट स्थिती अशाच किनाऱ्यांवर आहे. पर्यटन ओसरलं तशी जुनी हॉटेलं एकेका खोलीच्या स्वस्त भाड्याच्या घरांत बदलली. ज्यांना दुसरीकडे घर परवडत नाही ती माणसं तिथे आली. काम हंगामापुरतं. तरुण शिकायला गेले ते परतले नाहीत, आणि निवृत्त मंडळी मात्र समुद्राजवळ राहायला येत राहिली. म्हणजे आजारपण वाढणार हे उघड होतं. तरीही तिथे दर रुग्णामागे तज्ज्ञ डॉक्टर १५ टक्के, पदव्युत्तर प्रशिक्षण घेणारे डॉक्टर १४.६ टक्के आणि परिचारिका ७.४ टक्के कमी, असं त्या अहवालात नोंदवलं आहे.

इतकी वर्षं हे दिसलं का नाही, याचं अहवालातलं उत्तर फार साधं आहे. आकडे मोठ्या प्रशासकीय विभागांचे निघतात. किनाऱ्याची पट्टी गरीब, तिच्या मागचा आतला भाग सुस्थितीतला. दोन्हींची बेरीज करून भागलं की सगळं आलबेल.

भूगोलाचाही एक पेच आहे. आतल्या भागातल्या रुग्णालयाला चारी दिशांनी गावं असतात, किनाऱ्यावरच्या रुग्णालयाचं अर्धं वर्तुळ पाण्यात असतं. लोकसंख्या कमी भरते, म्हणून तज्ज्ञाची जागा मंजूर होणं अवघड जातं. आणि मदतीला धावायचं दुसरं रुग्णालय असलंच, तर ते एकाच दिशेला.

ग्रामीण भागात फसवणूक वेगळ्या वाटेने होते. शहरात गरिबी वस्तीवस्तीने एकत्र असते, नकाशावर तो ठिपका गडद दिसतो. खेड्यात सधन घराच्या भिंतीला लागूनच हातावर पोट असलेलं घर असतं, त्यामुळे ठिपका कधी गडद होतच नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी १९८०च्या दशकात मांडलेला वंचिततेचा निर्देशांक, म्हणजे एखादा भाग किती गरीब हे मोजायची पट्टी, ब्रिटनमध्ये खूप वापरला गेला. त्याच्या चार निकषांपैकी एक होता घरात गाडी नसणं. शहरासाठी ते बरोबर होतं. पण जिथे बस येतच नाही तिथे माणूस पोटाला चिमटा काढून, कर्ज काढून गाडी ठेवतो, नाहीतर कामावर आणि दवाखान्यात जाणारच कसा? मोजपट्टीने मात्र त्याला सुस्थितीत धरलं. मोजपट्टी शहरात बसून बनवली की असं होतं.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं ते पुढचं. दवाखाना लांब असेल तर माणूस दुखणं अंगावर काढतो. तपासणी नाही म्हणून निदान नाही, निदान नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून त्या भागात तो आजार कमी आहे असं कागदावर दिसतं. मग तिथे दवाखान्याची गरज कुणाला वाटणार? वेल्सच्या ग्लिनकोरुग या खाणकामगारांच्या गावात डॉक्टरकी करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली लिहून ठेवलं की जिथे गरज जास्त तिथे चांगली वैद्यकीय सेवा कमी, आणि सेवा जितकी बाजाराच्या हाती, तितकं हे अंतर जास्त. ते थांबले नाहीत, आजारी नसलेल्यांचाही रक्तदाब त्यांनी तपासायला घेतला. वाट पाहत बसलं की काय काय सुटतं, ते त्यामुळे कळलं.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तेच केलं. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अभ्यासात दोन गावांतल्या ६५० स्त्रिया होत्या. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. दवाखान्याच्या रजिस्टरवरून हा अभ्यास केला असता तर काय निघालं असतं? काहीच नाही.

काही प्रश्न तर त्या जागी गेल्याशिवाय सुचतच नाहीत. बांगलादेशच्या किनाऱ्यावर, दाकोपमध्ये, पिण्याच्या पाण्यात समुद्राचा खारेपणा शिरला आहे. तिथल्या गर्भवतींमध्ये उच्च रक्तदाबाचं प्रमाण कोरड्या ऋतूत, म्हणजे पाणी जास्त खारट असताना, पावसाळ्याच्या दुपटीहून जास्त आढळलं. २०११ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. राजधानीतल्या प्रयोगशाळेत बसून, पाण्यातलं मीठ आणि बाळंतपण यांची सांगड कुणी का घातली असती?

माझं म्हणणं एवढंच आहे की आजार जिथे आहे तिथे संशोधनाने जायला हवं. आज बहुतेक संशोधन मोठ्या शिकवण्याच्या रुग्णालयांभोवती होतं. औषधाच्या चाचणीत भाग घ्यायचा तर दर काही आठवड्यांनी तिथे जावं लागतं. लांबच्या माणसाचा प्रत्येक खेपेला दिवस बुडतो, मजुरी जाते, शिवाय भाडं. तो येत नाही. आणि त्याच्या शरीरावर कधी न तपासलेले निष्कर्ष पुढे त्यालाच लागू केले जातात.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं की गाव लहान असलं की टक्केवारी उड्या मारते. एका वर्षी दोन मृत्यू, पुढच्या वर्षी पाच, त्यावरून काय ठरवायचं? आक्षेप खरा आहे. पण त्याला उपाय आहेत. चार-पाच वर्षांचे आकडे एकत्र करा. वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या किनाऱ्यावरच्या गावांचा एक गट करा, दुर्गम गावांचा दुसरा. किनारा जिल्ह्याची हद्द पाहून थांबत नाही, तर आपला तक्ता तरी तिथे का थांबावा? अडचण गणिताची कमी आणि इच्छेची जास्त आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मोजणी नीट झाली की उपायही तिथूनच निघतो. बंगांच्या टीमने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. नियंत्रण गटातल्या, म्हणजे जिथे हे काम केलं नाही अशा, ४७ गावांच्या तुलनेत तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ साली हे प्रसिद्ध झालं, आणि पुढे देशभरातल्या आशा सेविकांच्या कामात ही पद्धत आली. दोन्ही गटांत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजला होता, म्हणूनच हे सिद्ध करता आलं.

ही पोस्ट वाचणाऱ्यांत सर्वेक्षणांचे आराखडे करणारे काही जण आहेत, मला माहीत आहे. पुढचा आराखडा तुमच्या टेबलावर येईल तेव्हा त्यात दोन रकाने वाढवा: समुद्रापासूनचं अंतर, आणि जवळच्या दवाखान्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ. किलोमीटर नको, वेळ. आणि तो वेळ स्वतःची गाडी नसलेल्या माणसाला विचारून लिहा.