खुंटीचं निमित्त

छोटे कॅम्पर ट्रेलर बनवणारी माणसं स्वतः त्यात कधी झोपत नसावीत, अशी माझी पक्की समजूत झाली आहे. झोपली असती तर त्यांनी दिव्याचं बटण पायांशी बसवलं नसतं, आणि दाराची कडी बरोबर कोपर आपटेल अशा जागी ठेवली नसती. बरं, एवढं सगळं केलं, तर टॉवेल अडकवायला एखादी खुंटी मारायला काय जात होतं?

आमचा कॅम्पर म्हणजे दोघांची गादी, तिच्याभोवती भिंती आणि खाली दोन चाकं. मागच्या बाजूला वर उचलायचं झाकण, त्याखाली स्वयंपाकाचा चिमुकला ओटा. ही कल्पना काही नवी नाही. थेंबाच्या आकाराचे असे ट्रेलर अमेरिकेत 1930 च्या दशकापासून लोक घरच्या घरी ठोकून तयार करत आले आहेत. आतली उंची मांडी घालून बसण्यापुरती. म्हणजे आत उभं राहता येत नाही, आणि आत करायचं प्रत्येक काम उभं राहूनच नीट होणारं असतं.

लंगोटी कुरतडणाऱ्या उंदरासाठी मांजर, मांजरीच्या दुधासाठी गाय आणि गाईच्या उस्तवारीसाठी संसार मांडून बसलेला गोसावी आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतो. त्याने कॅम्पर घेतला नव्हता, म्हणून तेवढ्यावर सुटला.

‘अहो, एक खुंटी तेवढी मारून द्या,’ बायको म्हणाली. घरी खुंटी मारायची म्हणजे ड्रिल लावायचं, भोक पाडायचं, गिट्टी ठोकायची, स्क्रू पिळायचा आणि हात झटकायचे. कॅम्परच्या भिंतीला हे चालत नाही. बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आतून तीन मिलिमीटरचं प्लायवुड, मधे फोम. आखूड स्क्रू प्लायवुडात धरत नाही. लांब स्क्रू पत्रा फोडून बाहेरचं हवामान बघतो. मधल्या लांबीचा फोममध्ये नुसता गरगर फिरत राहतो. आधार हवा तर भिंतीच्या पोटातली चौकट शोधायची, आणि ती ॲल्युमिनियमची असल्यामुळे चुंबक तिला ओळख देत नाही. उरतो एकच उपाय. भिंतीला कान लावून बोटाने टकटक करत सरकायचं. पोकळ, पोकळ, पोकळ, आणि मग एकदम भरीव. मी आतून टकटक करतोय आणि बायको बाहेरून ‘काय हवंय?’ विचारतेय, असा हा कार्यक्रम बराच वेळ रंगला.

शेवटी चौकटीचे दोन उभे खांब सापडले. त्यांच्यावर एक आडवी लाकडी पट्टी पक्की बसली. आता पट्टी बसवलीच आहे तर एकच खुंटी कशाला, म्हणून पाच बसवल्या. मांजर घरात आलं ते इथे.

पाच खुंट्या मिळाल्यावर पाच ओले टॉवेल आपोआप जमले. बंद डब्यात दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, त्यातली वाफ थंड पत्र्यावर बसून तिचं पाणी होतं. त्यात टॉवेलांनी भर घातली. पहाटे एक गार थेंब माझ्या कपाळाच्या मधोमध पडला.

‘अहो, गळतंय का?’

गळत नव्हतं. आम्हीच आमच्यावर बरसत होतो.

खिडकी किलकिली ठेवली तर डास, बंद ठेवली तर पाऊस. यावर सगळे जाणकार एकमुखाने छताला पंखा बसवायला सांगतात. म्हणजे नव्याकोऱ्या, कुठेही न गळणाऱ्या छताला आपल्या हाताने 14 इंच बाय 14 इंचाचं भोक पाडायचं. कॅम्परचे छतपंखे बहुतेक याच मापाच्या चौकोनासाठी बनतात. त्यामुळे ‘आधी जरा लहान पाडून बघू’ ही पळवाटही बंद.

मी छतावर मास्किंग टेप लावली. त्याने आखणी दिसते आणि जिगसॉच्या, म्हणजे विजेवरच्या करवतीच्या, पायाने रंगावर ओरखडे येत नाहीत. आतून चार कोपऱ्यांना बारीक भोकं पाडून घेतली, म्हणजे चौकोन खालीवर एकाच जागी आहे याची खात्री होते. टेपने माप घेतलं. पुन्हा घेतलं. मुलाला घ्यायला लावलं. त्याचं माझ्याहून दोन मिलिमीटर कमी भरलं, म्हणून बायकोला मध्यस्थ नेमलं. तिने टेप हातात घेतली, चौकोनाकडे पाहिलं आणि विचारलं, ‘खुंट्याच काढून टाकल्या तर?’

या प्रश्नाला उत्तर असतं तर मी दिलं असतं. मी जिगसॉ चालू केला.

पातळ पत्र्यावर जिगसॉ जो आवाज करतो त्याचं वर्णन नको. एवढंच सांगतो की आजूबाजूच्या खिडक्या आधी उघडल्या आणि मग लागल्या. पत्र्याचे चकचकीत कण केसांत, कॉलरमध्ये आणि चष्म्याखाली गेले. चौथी बाजू संपत आली तशी मी आतून हाताने धर म्हणून मुलाला ओरडून सांगितलं. त्याने धरलं. चौकोन निघाला आणि त्या जागी खालून वर बघणारा मुलाचा चेहरा दिसला. तो म्हणाला, ‘बाबा, आता परत देता येणार नाही ना?’

एवढ्यात मेहुणा हातात सिलिकॉनची नळी घेऊन हजर झाला. माझ्या मेहुण्याला जगातल्या सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवायच्या असतात. त्याला समजावणं अवघड, पण मुद्दा महत्त्वाचा आहे. सिलिकॉन एकदा लागलं की त्याचा पुसटसा थर कायम राहतो आणि त्यावर पुढे दुसरं काही चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा धड नाही. म्हणून पंख्याच्या चौकटीखाली ब्यूटाइल टेप घालतात. हा एक करडा, चिवट, कधीच न वाळणारा पट्टा असतो. चौकटीखाली तो सलग अंथरायचा, कोपऱ्यात फट ठेवायची नाही, आणि स्क्रू एका ओळीत न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे. कडेने ब्यूटाइल सगळीकडे एकसारखं बाहेर आलं की समजायचं, बसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं आवळायचं, बाहेर आलेलं कापायचं आणि स्क्रूच्या डोक्यांवर छताचा सीलंट फासायचा. हे ब्यूटाइल पाण्याला आत येऊ देत नाही, तसंच माणसालाही सोडत नाही. माझ्या मनगटावरून ते घड्याळावर गेलं, घड्याळावरून मोबाइलवर, आणि मोबाइलवरून मेहुण्याच्या कानावर. निदान त्याचा एक कान तरी गळणार नाही.

नळीने छतावर भरपूर पाणी मारलं. आतून हात फिरवला. कोरडं ठणठणीत. मी तीनदा हात फिरवला, कारण तेवढ्या समाधानाचे प्रसंग या कामात वारंवार येत नाहीत.

पंखा बसला, पण फिरेना, कारण त्याला वीज लागते.

कॅम्परमधली वीज 12 व्होल्टची. ऐकायला निरुपद्रवी वाटते. हात लागला तर झटकाही बसत नाही. पण व्होल्ट कमी झाले की तेवढ्याच कामाला अँपिअर वाढतात आणि अँपिअर वाढले की तार जाड लागते. ओमने आपला नियम 1827 साली छापला. आमच्या घरी तो त्या दुपारी पोहोचला. मेहुण्याने जुन्या दिव्यांच्या माळेतली तार आणली होती, सुतळीहूनही बारीक. बारा व्होल्टमधला एखादा व्होल्ट असल्या तारेत वाटेतच खर्ची पडतो आणि वर तार तापते. मी जाड तार मागितली. ‘भावोजी, तुम्ही फार घाबरता,’ म्हणत त्याने फ्यूजही पंख्याजवळ लावायला काढला. फ्यूज पंख्यासाठी नसतोच, तो तारेसाठी असतो. बॅटरीपासून पंख्यापर्यंत तार कुठेही पत्र्याच्या धारेवर घासली तर आग बॅटरीच्या जोरावर लागते. म्हणून फ्यूज बॅटरीला जितका जवळ तितका बरा. आणि तार जिथून पत्र्यातून आरपार जाते तिथे रबराची कडी. या विषयावर मी इतकं बोललो की मेहुणा मुकाट्याने जाऊन जाड तार घेऊन आला. बारीक तारेची माळ त्याने सजावट म्हणून आत लावली. ती चांगली दिसते, हे मी त्याला सांगितलेलं नाही.

मग बॅटरी. साधी लेड-ॲसिडची 100 अँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी घेतली तर तिच्यातले निम्मेच वापरायचे असतात, नाहीतर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. वजन मात्र पूर्ण 100 चं, म्हणजे जवळपास 30 किलो. लिथियम आयर्न फॉस्फेटची त्याच क्षमतेची बॅटरी त्याच्या निम्म्याहून हलकी आणि बहुतेक सगळी वापरता येते. फक्त पारा शून्याखाली असताना ती चार्ज करायची नाही. हलकी घेतली. पंखा मंद ठेवला तर ती कित्येक रात्री पुरेल, असा हिशेब मी कागदावर मांडला.

कागद घरच्यांनी वाचला. ‘एवढी वीज उरतेय?’ असं म्हणून बायकोने फ्रिज सुचवला, मुलाने लॅपटॉप आणि मेहुण्याने पाणी उकळायची किटली. किटली 1200 वॉटची. बारा व्होल्टवर ती 100 अँपिअर ओढणार, इन्व्हर्टरची गळती वेगळीच. मी गॅसच्या शेगडीकडे बोट दाखवलं. ती मागच्या ओट्यावर, उघड्या हवेत आहे आणि तिथेच राहणार. बंद कॅम्परमध्ये शेगडी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतो, आणि यावर आमच्या घरात चर्चा होत नाही. किटली नामंजूर झाली. फ्रिज मात्र मंजूर झाला, कारण मतदान झालं.

फ्रिज आला म्हणजे बॅटरी भरायला सौर पॅनेल आलं. आता गंमत बघा. उन्हाच्या दिवसांत माणूस कॅम्पर लावायला झाड शोधतो, आणि पॅनेल झाडाखाली उपाशी मरतं. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी वीज कोपऱ्यापुरती कमी होत नाही, त्याहून किती तरी जास्त घटते. माणसाला सावली, पॅनेलला ऊन आणि पॅनेलच्या विजेवर उन्हात तापलेल्या माणसासाठी पंखा, या चक्रात आम्ही काही काळ अडकलो. शेवटी पॅनेल छतावर न ठोकता घडीचं घेतलं. ते लांब तारेने उन्हात नेऊन ठेवायचं. ऊन सरकेल तसं त्याच्यामागे जायचं. सहलीला गेल्यावर मी आता दर तासाला उठतो. पूर्वी ऑफिसातसुद्धा एवढा उठत नव्हतो.

बारीकसारीक कामं पुष्कळ झाली. कपाटांच्या दारांना दाबून उघडायच्या कड्या, कारण चुंबकाच्या कड्या पहिल्याच खड्ड्यात हार मानतात. भांड्यांखाली जाळीचं रबर. गादीखाली हवा खेळावी म्हणून लाकडी फळ्यांचा सांगाडा, नाहीतर गादीला खालून बुरशी धरते. कॅम्पर सपाट लागलाय की नाही ते कळायला दोन छोट्या पाणसळी, एक आडवी, एक उभी. चाकाखाली पाचरी घालून आडवा तोल आधी सावरायचा, मग गाडी सोडवून पुढच्या जॅकने उभा. कोपऱ्यांतले टेकू फक्त डुगडुग थांबवायला असतात, ट्रेलर उचलायला नव्हे, हे मेहुण्याला सांगितलं. नंतर वाकलेल्या टेकूलाही सांगितलं.

आणि मग वजन करायची कल्पना बायकोला सुचली.

हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जिथे जोडतात त्या सांध्यावर, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के भार हवा. तो कमी पडला की वेग घेतल्यावर ट्रेलर मागे शेपटी हलवायला लागतो आणि ओढणारी गाडीही त्याच्या तालावर डुलते. आमचा ट्रेलर भरल्यावर सुमारे 700 किलो, म्हणजे पुढे 70 ते 105 किलो पाहिजे. एवढं मोजायला न्हाणीघरातला वजनकाटा पुरतो. काट्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर ट्रेलरचं नाक. सगळं कुटुंब काट्याभोवती उकिडवं बसलं. आकडा आला 54.

‘बिचारा वाळलाय,’ मुलगा म्हणाला.

कारण उघड होतं. फ्रिज मागे, भांडी मागे, पाण्याचे डबे मागे, आणि पाणी लिटरला किलो या हिशेबात कुणालाही सूट देत नाही. मग सामानाची स्थलांतरं सुरू झाली. बॅटरी पुढच्या पेटीत गेली. पाणी चाकांच्या पुढे सरकलं. प्रत्येक वस्तू आधी काट्यावर तोलून बायको वहीत लिहीत होती. तिच्या कपड्यांची पिशवी 6 किलो, मुलाची 5, माझी 4. मग तिने ओट्याखालचा लाल डबा बाहेर ओढला, म्हणजे ओढायचा प्रयत्न केला. मेहुण्याने हात लावला. दोघांनी मिळून तो काट्यावर चढवला. 23 किलो.

‘यात काय आहे?’

ड्रिल, जिगसॉ, पाने, पक्कड, रिव्हेटचं हत्यार, उरलेलं ब्यूटाइल, फ्यूजची डबी. वाटेत काही दुरुस्ती निघाली तर असावं म्हणून. बायकोने वहीत आकडा लिहिला आणि त्याच्याभोवती गोल काढला. हत्यारांचा डबा पुढे गेला आणि हिचवरचा भार 76 झाला. म्हणजे आमच्या सगळ्या सामानात तोल सावरणारी वस्तू कोणती ठरली, ते वहीत आहे. वही हिच्या ताब्यात आहे.

संध्याकाळी शेजारचे काका कॅम्परभोवती फेरी मारताना दिसले. वर पंख्याकडे बघत होते. मी बाहेर आलो. त्यांना ब्यूटाइल दाखवलं, स्क्रू आवळायचा क्रम सांगितला, फ्यूज बॅटरीजवळच का हे तारेसकट उलगडलं, दोन्ही पाणसळी दाखवल्या, आणि ते खाली वाकतायत असं पाहून सांगाड्याखाली हवा कशी खेळते तेही समजावलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मधे एकदा ‘अरे वा’ही म्हणाले.

‘बाकी सगळं उत्तम झालंय,’ ते म्हणाले, ‘पण याचं चाक माझ्या पाण्याच्या पाइपवर उभं आहे. ते जरा पुढे घेता का?’