चौकशी समितीवर बहिष्कार टाकण्याआधी नियम 36 वाचा

"चौकशी समिती संस्थेचीच असते, प्रतिनिधी देऊ नका, हजर राहू नका. तिथे पुरावा कायदा लागू नाही, संस्था म्हणेल तो पुरावा. कोर्टात निर्दोष सुटलात की चौकशी आपोआप रद्द." खाजगी शाळांतल्या शिक्षकांच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज काल मावसबहिणीपर्यंत पोचला. तिच्यावरच्या आरोपांची चौकशी करणाऱ्या समितीवर स्वतःच्या प्रतिनिधीचं नाव कळवायची तिची मुदत चालू आहे, म्हणून आता गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक सल्ला बहिष्काराचा. महाराष्ट्रातल्या खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीतल्या नियम 36 नुसार समिती तिघांची: एक संस्थेचा, एक कर्मचाऱ्याने सुचवलेला, एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. हा तिसराही संस्थेकडूनच निवडला जातो, एवढं अर्धसत्य मान्य. पण 15 दिवसांत तुम्ही नाव दिलं नाही, तर त्याच नियमाने उरलेल्या दोघांची समिती पूर्ण धरली जाते. चौकशी थांबत नाही, फक्त तुमचा माणूस बाहेर राहतो! शाळेतलं कोणी घाबरत असेल तर दुसऱ्या कुठल्याही खाजगी शाळेतल्या कर्मचाऱ्याचं नाव चालतं. नोंदणीसह स्पीड पोस्टाने कळवा, पोचपावती जपा. आणि गैरहजर राहिलात तर उलटतपासणी कोण घेणार? साक्ष तशीच्या तशी उभी राहते आणि शाळा न्यायाधिकरणात (संस्थेच्या कारवाईविरुद्धचं अपील तिथे चालतं) "संधी दिली नाही" म्हणायला तोंड उरत नाही.

पुरावा कायदा काटेकोरपणे लागू नाही, हे खरं. पण म्हणून काहीही चालतं? हरियाणाच्या बस कंडक्टर रतनसिंगच्या खटल्यात (1977) बिनतिकीट प्रवाशांचे जबाब नोंदवलेले नव्हते, तरी तपासणी पथकाच्या इन्स्पेक्टरची साक्ष सर्वोच्च न्यायालयाने पुरेशी मानली. ऐकीव पुरावाही चालेल, पण तो विश्वासार्ह आणि प्रकरणाशी जोडलेला हवा. पुरावाच नसेल तर निष्कर्ष टिकत नाही. तेव्हा तक्रारअर्ज नुसता फाइलला लावला असेल तर तक्रारदार साक्षीला येणार का, हे लेखी विचारा. स्क्रीनशॉट असेल तर फोन कुणाचा, मागचे-पुढचे मेसेज कुठे, हे विचारा. जबाब वाचल्याशिवाय सही नको. चूक दिसली तर सहीशेजारीच आक्षेप लिहा.

निर्दोष सुटण्याचं म्हणाल तर, कोर्टात गुन्हा संशयातीत सिद्ध व्हावा लागतो, चौकशीत शक्यतेचं पारडं झुकलं तरी पुरतं. दोन्हीकडे पुरावा तोच असेल तर सुटकेचा फायदा मिळू शकतो, "आपोआप" नाही.

साक्षी संपल्यावर कामकाजाचा गोषवारा आणि जबाबांच्या प्रती तुम्हाला पाठवाव्याच लागतात, त्यावर म्हणणं मांडायला 7 दिवस मिळतात. मेसेजमध्ये याचा एक शब्द नाही.