एका फोनने एला घडली नाही

हॉलिवूडची तारका मर्लिन मन्रो आणि अमेरिकी जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड एका टेबलाशी शेजारी शेजारी बसल्या आहेत, असे एक कृष्णधवल छायाचित्र आणि त्याखाली एक लांबलचक मजकूर वर्षानुवर्षे व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. महिला दिन जवळ आला की त्याला नव्याने पालवी फुटते. आजवर मी तो पाहून पुढे सरकत असे. यंदा मात्र अकरावीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने वक्तृत्व स्पर्धेसाठी लिहिलेले भाषण तपासायला पाठवले आणि त्यात हाच मजकूर स्वल्पविरामासकट उतरवलेला दिसला, तेव्हा गप्प राहणे जमेना. तिला फोनवर जे सांगितले तेच येथे जरा सविस्तर लिहितो आहे, कारण हा मजकूर तिच्या एकटीकडे आलेला नाही.

मजकुराचा गोषवारा असा. एला ही लहानसहान क्लबांतून गाऊन कसेबसे पोट भरणारी, फारशी कोणाला ठाऊक नसलेली जॅझ गायिका होती. लॉस एंजेलिसच्या ‘मोकॅम्बो’ या बड्या नाइटक्लबमध्ये कृष्णवर्णीय कलावंतांना बंदी असल्यामुळे तिला तेथे गाता येत नव्हते. मर्लिनने क्लबच्या मालकाला फोन करून सांगितले की, एलाला गायला बोलावलेत तर मी रोज रात्री पुढच्या टेबलावर येऊन बसेन, आणि ती खरोखरच रोज आली. सोबतचे छायाचित्र तेव्हाचेच. अशा रीतीने एला मोकॅम्बोत गाणारी पहिली कृष्णवर्णीय कलावंत ठरली, जगाला तिची ओळख झाली, तिच्यासाठी सगळी दारे उघडली आणि वर्णभेदाचा जाच कायमचा संपला. शेवटी टाळ्या वाजवणारे हात आणि ‘एक स्त्री दुसऱ्या स्त्रीला घडवते’ हे वाक्य.

छायाचित्राचे आधी उरकून टाकू. ते मोकॅम्बोतले नाही. ते नोव्हेंबर १९५४ मधले, लॉस एंजेलिसच्याच ‘टिफनी क्लब’ या जॅझ क्लबातले आहे, म्हणजे एलाच्या मोकॅम्बोतील कार्यक्रमाच्या सुमारे चार महिने आधीचे. एला तेथे गात होती आणि मर्लिन तिला ऐकायला गेली होती. मर्लिन एलाची मनापासून चाहती होती. गाणे शिकताना तिने एलाच्या ध्वनिमुद्रिकांचा अभ्यास केला होता. तेव्हा या छायाचित्रात कोण कोणाकडे आले आहे, हे पाठवणाऱ्यांनी एकदा नीट पाहावे.

बंदीची गोष्टही टिकत नाही. एलाच्या आधी मोकॅम्बोत हर्ब जेफरीज गायला होता, डोरोथी डँड्रिज गायली होती, अर्था किट गायली होती, आणि हे तिघेही कृष्णवर्णीय. मग एलाला बोलावण्यास मालक चार्ली मॉरिसन का कचरत होता? तिच्या चरित्रकारांनी दिलेले उत्तर मला अधिक बोचरे वाटते. डँड्रिज आणि किट सडपातळ होत्या, नखरेल होत्या, पडद्यावर शोभतील अशा होत्या. एला अंगाने स्थूल, स्वभावाने बुजरी आणि त्यातून जॅझ गाणारी. सिनेतारकांनी भरलेल्या त्या दालनात ती ‘शोभणार’ नाही, असा हिशेब होता. कातडीचा रंग या हिशेबात नव्हता असे मी मुळीच म्हणत नाही. पण काळ्या स्त्रीने त्या मंचावर यायचे तर तिने आधी डोळ्यांना सुख द्यायचे आणि मग कानांना, ही अट व्हॉट्सॲपच्या मजकुरात कोठेच येत नाही. महिला दिनाच्या भाषणात खरे तर तीच यायला हवी होती.

आता अर्धे सत्य. मर्लिनने एलासाठी शब्द टाकला, हे मला मान्य करावे लागते, कारण ते एलाने स्वतः सांगितले आहे. १९७२ साली ‘मिझ’ या अमेरिकी मासिकात तिचे जे कथन छापून आले, त्यावरच हा सगळा डोलारा उभा आहे. आपण मर्लिनचे मोठे देणे लागतो, तिने स्वतः मालकाला फोन करून आपला कार्यक्रम ठरवायला लावला, ती रोज रात्री पुढच्या टेबलावर हजर राहिली, वृत्तपत्रांनी उचलून धरले आणि त्यानंतर आपल्याला लहान जॅझ क्लबात गावे लागले नाही, असे एला त्यात म्हणते. तिच्या कृतज्ञतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र बंदी होती, आपण तेथे गाणारी पहिली कृष्णवर्णीय कलावंत होतो किंवा आपण तोवर अज्ञात होतो, यांपैकी एकही गोष्ट एला तेथे सांगत नाही. ती भर नंतरच्या हातांनी घातलेली आहे.

रोजच्या पुढच्या टेबलाविषयी मात्र, खुद्द एलाचे शब्द असूनही, मला शंका आहे. मोकॅम्बोतील तिचे कार्यक्रम १५ मार्च १९५५ पासून सुरू झाले. मर्लिन १९५४ च्या अखेरीसच हॉलिवूड सोडून न्यू यॉर्कला गेली होती; ९ मार्चला ती न्यू यॉर्कच्या ॲस्टर थिएटरमध्ये एका मदतनिधीच्या कार्यक्रमात होती आणि ३० मार्चला तेथल्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये गुलाबी रंगवलेल्या हत्तीवर बसून मिरवत होती. या दोन तारखांच्या मधल्या काळात ती देशाच्या दुसऱ्या टोकाला रोज रात्री एकाच टेबलावर बसली असेल, हे पटायला कठीण जाते. सतरा वर्षांनंतर सांगितलेल्या आठवणीत असे होऊ शकते. फोन किंवा निरोप खरा, टेबल बहुधा नाही, इतकेच म्हणतो.

ज्या मुद्द्याने माझे डोके फिरले तो ‘फारशी कोणाला ठाऊक नसलेली’ हा. एला कसेबसे जगत होती हे खरे आहे, पण १९३४ साली. आई १९३२ मध्ये वारली, पुढे मुलींच्या सुधारगृहात रवानगी झाली, तेथून ती पळाली आणि न्यू यॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील रस्त्यांवर मिळेल तसे दिवस काढू लागली. २१ नोव्हेंबर १९३४ रोजी अपोलो थिएटरच्या हौशी कलावंतांच्या स्पर्धेत ती नाचायला म्हणून गेली, आधीच्या जोडीचा नाच पाहून तिचे अवसान गळाले आणि नाचाऐवजी ती गायली. वय सतरा. पहिले बक्षीस तिलाच मिळाले. पुढच्याच वर्षी ती ड्रमवादक चिक वेबच्या वाद्यवृंदात दाखल झाली आणि हार्लेमच्या सव्हॉय बॉलरूममध्ये, नाचणाऱ्यांच्या गर्दीसमोर, रात्रीमागून रात्री गाऊ लागली.

१९३८ मध्ये तिने एका बालगीतावर रचलेले ‘अ टिस्केट, अ टास्केट’ अमेरिकाभर गाजले. तेव्हा मर्लिन बारा वर्षांची शाळकरी मुलगी होती. १९३९ च्या जूनमध्ये चिक वेब वारला तेव्हा तो पुरुषांचा अख्खा वाद्यवृंद बावीस वर्षांच्या एलाच्या नावाने चालू लागला आणि १९४२ पर्यंत चालला. त्याच वर्षी ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीच्या चित्रपटातही ती पडद्यावर दिसली. पुढे ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या वाद्यवृंदाबरोबर फिरताना तिने बीबॉप या वेगवान जॅझ शैलीची नवी, अवघड चाल गळ्यात उतरवली. ती ऐकू येते तिच्या स्कॅटमध्ये. स्कॅट म्हणजे शब्दांच्या जागी नुसत्या अक्षरांवर केलेले गायन. आपल्या तराण्याशी त्याचे थोडे नाते जोडता येईल, फरक असा की येथे बोलही त्या क्षणी सुचतील ते. तिची ‘फ्लाइंग होम’ (१९४५) आणि ‘ओ, लेडी बी गुड’ (१९४७) ही ध्वनिमुद्रणे आजही स्कॅट शिकणाऱ्यांचा पाठ आहेत. त्यांत ती ट्रम्पेटसारखा सूर लावते, सॅक्सोफोनसारखी वळते, मध्येच एखाद्या ओळखीच्या गाण्याचा तुकडा पेरून पुढे निघून जाते. २९ सप्टेंबर १९४७ रोजी ती कार्नेगी हॉलमध्ये गिलेस्पीबरोबर होती. १९४९ पासून मैफलींचा आयोजक नॉर्मन ग्रॅन्झच्या ‘जॅझ ॲट द फिलहार्मोनिक’ या फिरत्या मैफलींत ती मुख्य आकर्षण होती, आणि १९५३ मध्ये त्या मैफलींबरोबर जपानला जाऊन आली होती. एवढे सगळे करून बसलेली बाई १९५५ च्या मार्चमध्ये ‘उदयाला’ येते म्हणणाऱ्याला काय म्हणावे?

लहान क्लबांत ती गात होती हे खरेच. टिफनी क्लब लहानच होता. पण त्या काळी जॅझ तेथेच गायले जाई, आणि तेथे गाणे हे अपयशाचे लक्षण मुळीच नव्हते. मोकॅम्बोने तिला नवा, श्रीमंत श्रोता दिला. गाणे तिचे होतेच.

‘वर्णभेदाचा जाच कायमचा संपला’ हे वाक्य तर खोडूनच टाकावे. जुलै १९५४ मध्ये एला ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निघाली होती. पॅन अमेरिकन कंपनीच्या विमानाचे तिच्याकडे पहिल्या वर्गाचे तिकीट होते. हवाई बेटांवरील होनोलुलूच्या थांब्यावर ती, तिची मदतनीस जॉर्जियाना हेन्री आणि पियानोवादक जॉन लुइस यांना पुन्हा विमानात चढूच दिले नाही. आत राहिलेले सामान घ्यायलाही नाही. पुढचे विमान मिळेपर्यंत तीन दिवस गेले. एलाने कंपनीवर न्यू यॉर्कच्या न्यायालयात दावा ठोकला. खालच्या न्यायालयाने तो फेटाळला, तेव्हा ती अपिलात गेली आणि १९५६ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तिच्या बाजूने कौल देऊन दावा पुढे चालू दिला. शेवटी तो तडजोडीने मिटला. मोकॅम्बोची चर्चा चालू होती तेव्हा हा दावाही चालू होता, म्हणजे कोणी फोन करील म्हणून ती हात जोडून बसलेली नव्हती.

आणि मोकॅम्बोनंतर? जेमतेम सात महिन्यांनी, ७ ऑक्टोबर १९५५ रोजी, टेक्सासमधील ह्यूस्टनच्या म्युझिक हॉलमध्ये तिचे एकाच रात्री दोन कार्यक्रम होते. ग्रॅन्झचा नियम असा की त्याच्या मैफलीला गोरे आणि काळे वेगवेगळे बसणार नाहीत; त्याने सभागृहातील ‘गोऱ्यांसाठी’, ‘निग्रोंसाठी’ अशा पाट्याही काढायला लावल्या होत्या. पहिल्या खेळाच्या वेळी साध्या वेषातील पोलीस एलाच्या खोलीत घुसले. गिलेस्पी आणि सॅक्सोफोनवादक इलिनॉय जॅके कोपऱ्यात फासे टाकत होते, एला बाजूला ‘पाय’ हा गोड पदार्थ खात कॉफी पीत होती. त्यांतला एक पोलीस न्हाणीघराकडे वळला तेव्हा तो तेथे अमली पदार्थ ठेवील या भीतीने ग्रॅन्झ त्याच्या मागोमाग गेला, आणि पोलिसाने त्याच्यावर पिस्तूल रोखले. जुगाराच्या आरोपाखाली एला, जॉर्जियाना, गिलेस्पी, जॅके आणि ग्रॅन्झ या पाचही जणांना चौकीवर नेण्यात आले. प्रत्येकी दहा डॉलरच्या जामिनावर सुटून सगळे दुसऱ्या खेळाला वेळेवर परतले. चौकीत नेल्यावर त्याच लोकांनी आपल्याकडे स्वाक्षरी मागितली, असे एलाने पुढे सांगितले. मोकॅम्बोत गाऊन आलेली ही तीच गायिका.

राहता राहिला ‘तिला घडवले कोणी’ हा प्रश्न. बाहेरच्या कोणाचे नाव घ्यायचेच झाले तर ते ग्रॅन्झचे घ्यावे लागेल. १९५४ च्या सुमारास त्याने तिच्या कार्यक्रमांची व्यवस्था हाती घेतली, डेक्का या ध्वनिमुद्रिकांच्या कंपनीच्या करारातून तिला सोडवले आणि १९५६ मध्ये व्हर्व्ह ही कंपनी काढून तिच्याकडून गीतकार-संगीतकार कोल पोर्टरच्या गीतांचा संग्रह गाऊन घेतला. १९६४ पर्यंत अशा आठ रचनाकारांचे संग्रह निघाले, आणि ज्यांना जॅझशी देणेघेणे नव्हते अशा घरांत एलाचा आवाज त्यांच्यामुळे पोहोचला. मात्र ग्रॅन्झनेही तिला गायला शिकवलेले नाही. व्हॉट्सॲपवर उद्या त्याचाच फोटो फिरू लागेल म्हणून हे आत्ताच लिहून ठेवतो.

मजकुरात आणखी एक विधान आहे की, मोकॅम्बोतील कार्यक्रम हा एलाच्या मंचीय कारकिर्दीचा कळस होता. ज्यांना तिची प्रत्यक्ष मैफल ऐकायची आहे त्यांनी १३ फेब्रुवारी १९६० रोजी बर्लिनच्या डॉइचलँडहालेमध्ये झालेल्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण ऐकावे. ‘मॅक द नाइफ’ गाता गाता ती मधल्या कडव्याचे शब्द विसरते, आणि थांबण्याऐवजी, आपण गाण्याची कशी वाट लावतो आहोत हेच त्या चालीत बसवून गाते, हेच गाणे गायलेल्या बॉबी डॅरिन आणि लुई आर्मस्ट्राँग यांची नावे त्यात गुंफते, मग आर्मस्ट्राँगच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल करते, आणि हजारो श्रोत्यांना सोबत घेऊन गाणे तडीला नेते. याच ध्वनिमुद्रणासाठी तिला दोन ग्रॅमी पारितोषिके मिळाली. मोकॅम्बोला तोवर टाळे लागून दोन वर्षे होत आली होती.