मिनिटाला ६० शब्दांच्या मेसेजबाबत खुलासा

‘तिसरीत मिनिटाला ६० शब्द वाचता आले नाहीत तर मुलाला त्याच वर्गात बसवणार’ असा मेसेज कळवा-ऐरोलीकडच्या पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. हे खोटं आहे. ६० चा आकडा खरा, २०२१ च्या निपुण भारत अभियानातला (तिसरीपर्यंत मुलांना नीट वाचता-लिहिता आणि साधं गणित यावं, यासाठीचं केंद्र सरकारचं अभियान). पण ते शिकवण्याचं उद्दिष्ट आहे, पास-नापासची अट नव्हे. शिवाय त्यात ‘अर्थ समजून’ वाचणं आहे, मेसेजमध्ये नेमकं तेच गळलंय! त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद राज्यात पाचवी आणि आठवीलाच, तीही फेरपरीक्षेनंतर. तेव्हा घड्याळ लावून मुलांना पळवू नका. धडा वाचून झाला की ‘काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग’ म्हणा, मग दोन ओळी लिहायला द्या. वर्गात आम्ही हेच करतो.