एक ‘डी’ की दोन ‘डी’

सोमवारी पहाटे नळाला पाणी आलं. सोलापूरकरांना यापुढचं सांगायला नको. चार दिवसांनी आलेलं पाणी, एक मोटर, तीन पिंपं आणि लाइट जाईल ही धास्ती. तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला, शिक्षकांच्या ग्रुपवर वरून आलेला मेसेज. ‘अतितात्काळ. सोबतच्या नमुन्यात माहिती आज 11 वाजेपर्यंत सादर करावी. माहिती निरंक असल्यास निरंक कळवावे.’ नमुना उघडला तर मागच्याच महिन्यात दिलेली माहिती. फक्त रकाने इकडचे तिकडे केलेले.

निरंक म्हणजे काही नाही. आणि काही नाही हेसुद्धा अतितात्काळ कळवायचं! पाइप पिंपात सोडून एका अंगठ्यानं ‘निरंक’ टाइप करत होते, तर पिंप भरून वाहायला लागलं. निम्मं पाणी मोरीत गेलं. त्याचा रकाना कुठल्या नमुन्यात आहे, दाखवा की मला.

माझ्याकडे तिसरीचा वर्ग आहे. पूर्व भागातली शाळा, पटावर 41 मुलं. निम्म्यांहून जास्त घरांत तेलुगू बोलतात. घाईत असली की अजून पाण्याला ‘नीळ्ळु’ म्हणतात, म्हणू देत. या आठवड्यात मला भागाकार सुरू करायचा होता. टाचण काढून ठेवलेलं, घरून चिंचोक्यांची पिशवी घेतलेली. सतरा चिंचोके, पाच जण, प्रत्येकाला तीन, आणि दोन उरले. ते जे ‘उरले’ आहे ना, तिथे मुलं अडकतात. कुणी म्हणतं ते दोन मला द्या, कुणी म्हणतं बाईंना द्या, कुणी गुपचूप खिशात घालतं. त्या भांडणातूनच बाकी म्हणजे काय ते कळतं. त्याला निवांत एक तास लागतो. सोमवारी पिशवी टेबलावर ठेवली. शनिवारपर्यंत तिथेच होती.

कारण नावं जुळवायची होती. आधारवरचं नाव, सरकारच्या शाळा-पोर्टलवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव एकसारखं नसलं तर मुलाचा अपार आयडी, म्हणजे देशभर चालणारा विद्यार्थी क्रमांक, तयार होत नाही. रजिस्टरमध्ये नाव मराठीत आहे, स्वच्छ, बिनचूक. पण इंग्रजीत ते आधार केंद्रावर एकानं टाइप केलं, पोर्टलवर दुसऱ्यानं. तेलुगू आडनावांचे तर जाईल तिथे हाल. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आडनावात पोर्टलवर दोन ‘डी’ आहेत आणि आधारवर एक. एका ‘डी’साठी मी मंगळवारी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले.

आई उंबऱ्यात बसून बिड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. माझ्याशी बोलताना तिची बोटं एकदाही थांबली नाहीत. वडील लूमवर, शनिवारी बटवडा, खाडा केला की पैसे कापणार. तिचंही तसंच. बिड्यांचा हिशेब हजारावर. ती म्हणाली, “टीचर, केंद्रावर गेले तर दिवस जातोय. त्या दिवसाची मजुरी कोण देणार? मुलगी शाळेत येतीय, तुम्हाला दिसतीय. मग एक डी कशाला पायजे?”

काय उत्तर देऊ मी? फॉर्म पुढे केला. तिनं सूप किंचित बाजूला सारलं आणि त्याच्याच काठावर कागद ठेवून अंगठा दिला. कागदाला तंबाखूचा वास लागला. बुधवारी तो फॉर्म परत आला. सही जुन्या नमुन्यावर झाली होती, नवा नमुना त्याच दिवशी दुपारी निघाला होता. मी अजून तिला हे सांगितलेलं नाही. तोंडच होत नाही.

आणि हे एक नाव. अशी अकरा आहेत.

मधल्या सुट्टीत खिचडी. मुलांच्या आधी मी चाखायची आणि चव नोंदवहीत लिहायची. ते बरोबरच आहे, त्याबद्दल तक्रार नाही, मुलांच्या पोटात जाणारं अन्न कुणीतरी बघायलाच हवं. पण शंभर ग्रॅमप्रमाणे तांदळाचा हिशेब वहीत, तोच पुन्हा ॲपवर, आणि सर्व्हर बंद म्हणून त्याच आकड्यांचा फोटो ग्रुपवर! माझा स्वतःचा डबा साडेतीनला उघडला. भाकरी वाळून कडक झाली होती. सोलापुरात कडक भाकरी आवडीनं खातात म्हणून खपून गेलं म्हणायचं.

गुरुवारी झाड. लावलेल्या रोपासोबत विद्यार्थ्यांचा जिओटॅग फोटो, म्हणजे जागेची नोंद असलेला. फोटोत तारीख-वेळ हवी, मुलं हसरी हवीत. आमचं रोप जूनमधलं. हा त्याचा तिसरा फोटो. मुलं आपल्या बाटल्यांत उरलेलं पाणी त्याला घालतात म्हणून ते जगलंय. नाहीतर जिथे माणसांना चार दिवसांनी पाणी, तिथे झाडाला कोण विचारतं? मुलं मात्र खूश होती. बाई, गणिताचा तास गेला ना आज?

शुक्रवारी ऑनलाइन प्रशिक्षण. विषय: वर्गातील अध्यापनाचा वेळ प्रभावीपणे कसा वापरावा. वेळ: शाळेचीच.

कुणीतरी म्हणेलच, शिक्षकांना या कामांतून कायद्यानं सूट आहे ना? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम 27 आहे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना इतर अशैक्षणिक काम देता येणार नाही, असं त्यात लिहिलंय. आता निवडणूक त्यातच येते, म्हणून माझ्या शेजारच्या वर्गाच्या बाई बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीच्या अधिकारी, आहेत आणि संध्याकाळी मतदार यादी घेऊन जिने चढतात. 2021 ला व्हायची ती जनगणना राहिली, तीही आमच्याच वाट्याला. बाकी सगळ्याला वरून ‘शैक्षणिक’ नाव दिलं की झालं. झाडाचा फोटो शैक्षणिक. एक ‘डी’ शैक्षणिक. फक्त चिंचोके तेवढे राहून गेले तरी चालतात, त्यांचा अहवाल कुणी मागत नाही.

आणि शनिवारी रात्री नणंदेचे यजमान जेवायला. ताटात शेंगाचटणी वाढून घेत म्हणतात, “तुमचं बरंय वहिनी, पाचला मोकळ्या. वर दिवाळी, उन्हाळा, सगळ्या सुट्ट्या.” मी काही बोलले नाही. पाहुणे माणूस. वाटी जरा जोरात आदळली एवढंच.

चटणी वाढत असतानाच फोन वाजला. ‘यापूर्वी सादर केलेली माहिती ग्राह्य धरू नये. सुधारित नमुन्यात उद्या सायंकाळपर्यंत पाठवावी.’ उद्या रविवार. परवा सोमवार, नाही का? आता चिंचोक्यांची पिशवी पर्समध्येच घालून ठेवते, आणि सोमवारी पहिल्या तासाला फोन बंद. कारणे दाखवा नोटीस आली तर येऊ दे. तिला एक ‘डी’ की दोन ‘डी’ ते विचारीन.