तेल-तूप कायमचं बंद करू नका

पित्ताशय काढल्यावर तेल-तूप कायमचं सोडा, असा सल्ला एका लेखात वाचला, तो पटला नाही. पित्त यकृतात तयार होतं, ते ऑपरेशननंतरही होतंच. फक्त साठवायची पिशवी नसल्याने ते थोडं थोडं सतत आतड्यात उतरतं. म्हणून एका जेवणात भरपूर स्निग्ध गेलं तर ते नीट पचत नाही. पोट फुगतं, जुलाब होतात. तेच तेल दिवसभरात पाच-सहा छोट्या खाण्यांत विभागलं की बहुतेकांना सोसतं. मऊ भात, मुगाचं वरण, दुधी, साय काढलेल्या दुधाचं ताक, फुलका यापासून सुरुवात करा. फोडणीला माणशी अर्धा चमचा तेल पुरे.

घरात एक चूक हमखास होते: 'हलकं' म्हणून साबुदाण्याची खिचडी देतात. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं, वर तूप वेगळंच! तुपातला शिराही तसाच. पहिले काही आठवडे दोन्ही नकोत. कोंडा, कच्ची कोशिंबीर, उसळी मात्र हळूहळू वाढवा, एकदम नाही.

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खांदा दुखतो तो ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या वायूमुळे. घरातल्या घरात चालत राहिलं की हे दुखणं दोन-तीन दिवसांत उतरतं.

पण ताप, वाढती पोटदुखी, पिवळे डोळे, गडद लघवी किंवा पांढरट शौच दिसली तर त्याच दिवशी सर्जनना गाठा. जुलाब आठवडेच्या आठवडे टिकले तर पथ्य आणखी कडक करत बसू नका, डॉक्टरांना सांगा. पित्तामुळे होणाऱ्या जुलाबांवर वेगळं औषध असतं.