टोमॅटो बाहेरून आणायचाय? आधी घरचा ओता

टोमॅटो आयात करायचा विचार डोक्यात आला असेल, तर आधी एवढंच तपासा: तुमच्या देशात टोमॅटो भरपूर पिकतो ना? पिकत नसेल तर पुढचं वाचू नका. ज्याच्या घरात नाही तो बाहेरून आणतो, त्यात कसलं आलंय कर्तृत्व? चीनखालोखाल जगात सर्वाधिक टोमॅटो पिकवायचा, वर्षाला २ कोटी टनांच्या आसपास माल काढायचा आणि मग शेजाऱ्याच्या दारात पिशवी घेऊन उभं राहायचं, याला धमक लागते. २०२३ साली आपण ती दाखवली. कृती लिहून ठेवतो, पुढेमागे लागेल.

तयारी मे महिन्यात सुरू करायची. नाशिककडे टोमॅटो किलोला रुपया-दोन रुपयांनी जाऊ द्यायचा. २० किलोचं क्रेट, त्याचे झाले वीस ते चाळीस रुपये. त्यातून तोडणीची मजुरी, गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा करा. जे उरतं त्याला गणितात ऋण संख्या म्हणतात, शेतकरी दुसरं काहीतरी म्हणतो. तो माल रस्त्याच्या कडेला ओतेल, उभ्या पिकात जनावरं सोडेल किंवा नांगर घालेल. तुम्ही अजिबात विचलित होऊ नका. फोटो निघतील, दोन दिवस फिरतील, विरून जातील. या काळात टोमॅटोचा भाव ही बाजाराची मर्जी असते आणि बाजाराच्या मर्जीत ढवळाढवळ करणं अर्थशास्त्राला धरून नसतं. हे वाक्य पाठ करून ठेवा, पण जुलैत चुकूनही म्हणू नका.

कारण जुलैत काय होतं, की मेमध्ये पोळलेल्यांनी लागवड कमी केलेली असते, कुठे उन्हाने फुलं गळालेली असतात, कुठे पांढऱ्या माशीने विषाणू पसरवलेला असतो, हिमाचलात पावसाने रस्ते वाहून गेलेले असतात. भाव शंभर, दीडशे, दिल्लीत दोनशेच्या पुढे. बर्गर विकणारी एक बडी साखळी टोमॅटोला रजा देते. जुलैचा महागाई दर ७.४४ टक्क्यांवर जातो. दोन रुपयांवर टोमॅटो हा शेतकऱ्याचा खासगी प्रश्न होता. दोनशेवर तो राष्ट्रीय झाला. आता आयातदाराने कोट चढवायला हरकत नाही.

पण एकदम सीमेकडे धावू नका, आधी घरातल्या घरात आयात करून हात बसवा. १४ जुलैपासून सरकारी सहकारी संस्थांच्या गाड्या दिल्लीत उभ्या राहिल्या: टोमॅटो ९० रुपये किलो. मग ८०, मग ७०, स्वातंत्र्यदिनाच्या मुहूर्तावर ५० आणि २० ऑगस्टपासून ४०. माल आंध्र, कर्नाटक आणि आपल्या महाराष्ट्राच्या बाजार समित्यांतून उचललेला. म्हणजे मेमध्ये या गाड्या कुठेच दिसत नव्हत्या, याचं कारण रस्ता माहीत नव्हता असं म्हणता येणार नाही.

आता खरी आयात. १० ऑगस्टला अर्थमंत्र्यांनी लोकसभेत नेपाळमधून टोमॅटो येणार असल्याचं सांगितलं. वाराणसी, लखनौ, कानपूर ही नावं घेतली गेली. करार किती मालाचा झाला? १० टन.

दहा टन म्हणजे पाचशे क्रेट. नाशिकजवळच्या पिंपळगाव बसवंतच्या बाजारात हंगामात दिवसाला लाखाच्या पुढे क्रेट येतात, तिथे पाचशे क्रेट म्हणजे सहा-सात पिकअप. हुंडेकरी, म्हणजे मालवाहतूक करणारा, चहा संपवायच्या आत लिलाव उरकतो. आणि देशाच्या हिशेबाने पाहायचं तर २ कोटी टनांना वर्षाच्या दिवसांनी भागा, जे येईल त्याला दिवसाच्या सेकंदांनी. आपण दहा टन टोमॅटो साधारण सोळा सेकंदांत पिकवतो. हे गणित मी दोनदा करून पाहिलं, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसला नाही. सोळा सेकंद! लोकसभेत ती घोषणा वाचायला याहून जास्त वेळ लागला असेल.

म्हणून नवशिक्या आयातदाराने एक गोष्ट ध्यानात घ्यावी: आणायचा असतो तो टोमॅटो नव्हे, बातमी. तिला शीतगृह लागत नाही, वाटेत ती सडत नाही आणि नारायणगावच्या लिलावात ती ट्रकच्या आधी पोचते. तोवर मेमध्ये हरलेल्यांपैकी ज्यांनी उधारउसनवार करून पुन्हा लागवड केली होती, त्यांचा माल तयार होतच होता. नवा माल आणि ताजी बातमी एकाच आठवड्यात बाजारात आल्या, तर भाव काय करेल? सप्टेंबरात किलोला पुन्हा चार-पाच रुपये. महागाई आटोक्यात आली. अभिनंदन.

आता थोडं कागदपत्रांचं, कारण आयात म्हटली की फाइल आली. टोमॅटो हे फळ की भाजी, हा वाद घालत बसू नका, तो मिटलेला आहे. अमेरिकेत एका व्यापारी कुटुंबाने वेस्ट इंडीजहून आणलेला टोमॅटो फळ ठरवून भाजीवरची १० टक्के जकात चुकवायचा प्रयत्न केला होता. १८९३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, वनस्पतिशास्त्र काही म्हणो, लोक तो जेवणात खातात, जेवणानंतर गोड म्हणून नाही, तेव्हा भाजी. आपलं सीमाशुल्कही ताज्या टोमॅटोला भाज्यांच्याच प्रकरणात बसवतं. शिवाय ताज्या मालाबरोबर कीडमुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते जरूर घ्या. दक्षिण अमेरिकेतली टुटा नावाची नागअळी मात्र कुठलंही प्रमाणपत्र न घेता, जकात न भरता आली आणि २०१४ मध्ये महाराष्ट्रातच पहिल्यांदा आढळली. आपल्या टोमॅटोच्या इतिहासातली ती सर्वांत यशस्वी आयात. अजून मुक्कामाला आहे.

ताज्या मालाची कटकट नको असेल तर पेस्ट आणा. साधारण सहा किलो टोमॅटो आटवला की किलोभर पेस्ट होते. ती निर्जंतुक पिशवीत, पिशवी पिंपात, पिंप जहाजावर. दोन वर्षं हूं की चूं नाही. पेस्टसाठी चीनचा शिनजियांग प्रांत नावाजलेला: कोरडी हवा, लांबच लांब शेतं, यंत्राने तोडणी. जबरदस्तीने राबवलेल्या मजुरांच्या कारणावरून अमेरिकेने जानेवारी २०२१ मध्ये तिथला कापूस आणि टोमॅटो बंदरातच अडवायला सुरुवात केली, पण तुम्ही कशाला नसत्या चौकशा करता? पिंपाला तोंड असतं, पण ते बोलत नाही. हीच पेस्ट इटलीत उतरून, पाणी पिऊन, छोट्या डब्यात बसून आफ्रिकेत इटालियन म्हणून गेलेली आहे. सोयरीक जुळवताना मुलाचं मूळ गाव विचारतात, पेस्टचं कोण विचारतो?

एखादा आगाऊ माणूस विचारेल, की नाशिकला रस्त्यावर ओतला तो टोमॅटो आटवून पिंपात का नाही भरला? त्याला शांतपणे समजवा. आपला टोमॅटो प्रवासासाठी घडवलेला आहे. जाड सालीचा, दिल्लीपर्यंत गचके खाऊन न फुटणारा, दिसायला देखणा, आत निम्म्याहून कितीतरी जास्त पाणी. आटवायला गर भरलेले वेगळे वाण लागतात, ते लावायला आधी भावाचा लेखी करार लागतो, करार पाळायला कारखाना लागतो आणि कारखान्याला स्वस्त माल वर्षातून दोन महिने नव्हे, ठरल्याप्रमाणे लागतो. यातलं काहीच नाही असं नाही हं. २०१८-१९च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा, बटाटा या तिघांसाठी ५०० कोटींची योजना जाहीर झाली होती. तिघांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘टॉप’ असा शब्दही तयार झाला. शब्द टिकाऊ निघाला.

आणि केचपची काळजी तर करूच नका. नियमाने त्यात विरघळलेले घन पदार्थ किमान २५ टक्के हवेत, आणि साखर हा विरघळणारा पदार्थ आहे, हे ज्याला कळलं त्याला धंदा कळला. हातगाडीवरच्या लाल सॉसमध्ये भोपळा किती नांदतो, हा वेगळा विषय; भोपळा अजून आयात करावा लागत नाही, एवढंच समाधान.

राहता राहिला शेतकरी. पुढच्या मेमध्ये तो पुन्हा बाजार समितीच्या फाटकाबाहेर गाडी उभी करेल, माल ओतेल आणि रिकामी क्रेट एकात एक घालून घरी नेईल. ओतताना तो क्रेट आपटत नाही, हे नीट पाहा. आतल्या मालापेक्षा ती महाग असतात.